झडती

एकतीस वर्षं मी प्रेसच्या गेटवर हात वर केले.
नाशिकरोडला नोटा छापतात हे जगाला माहीत;
आम्ही खिसे उलटे करून घरी येतो
हे फक्त आमच्या बायकांना.
सिंधूनं लग्नानंतर महिन्याभरात
माझ्या सगळ्या शर्टांचे खिसे उसवले.
म्हणाली, नसलेल्यात कोण हात घालेल?

टोकन द्यायचं, डबा उघडायचा, चपला काढायच्या.
अहिरे हवालदार बगलेपासून घोट्यापर्यंत चाचपायचा
आणि चाचपताना विचारायचा, पोरगी कितवीत गेली?
त्याच्या हाताला माझ्या बरगड्या पाठ होत्या.
राग यायचा नाही.
रिटायर झाल्यावर एका दुपारी
त्या न आलेल्या रागाचाच राग आला,
तेव्हा अहिरेही वारला होता.

कुंभाच्या तयारीत रामकुंडावर खांब आले,
खांबांवर काळे घुमट, उपड्या वाट्यांसारखे.
त्यातल्याच एकाखाली सिंधूचा दहावा.
पिंड ठेवला.
कावळे समोरच्या पत्र्यावर ओळीनं बसलेले,
एक खाली येईना.
गुरुजींनी घड्याळ पाहिलं.
मेव्हणा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,
ताई, पोरीचं लग्न आम्ही करून देऊ.
कावळ्यांना ते पटलं नाही.
मग मी दोन पावलं पुढे सरकलो, वाकलो,
एक वाक्य बोललो.

शिवला.

शलाका चित्रं काढते.
म्हणजे हल्ली काढत नाही, मांडते.
तिच्या वर्गातला पगारे कंट्रोल रूममध्ये बसतो,
त्यानं तिला नऊ सेकंद दिले.
लॅपटॉप घेऊन ती माझ्यासमोर बसली.
वरून दिसणारा मी:
टक्कल, ओलं उपरणं, पाठीवरचा तो तीळ
जो मी स्वतः कधी पाहिला नव्हता.
ओठ हलतात. कावळा उतरतो.
आवाज नाही.

"बाबा, काय म्हणालात आईला?"
मी पोह्यातल्या मिरच्या बाजूला काढत राहिलो.
"हे भिंतीवर लावू?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी
झडती घेण्याआधी विचारलं होतं.
नाही म्हणालो.
माझ्यासमोरच तिनं ते पुसलं.
आणि पगारेकडचं?
"महिन्यानं आपोआप जातं," म्हणाली,
मग जरा थांबून, "म्हणे."

गंगापूर रोडच्या हॉलमध्ये तिचं प्रदर्शन.
दारात मोबाइल काढून घेत होते,
बदल्यात पितळी टोकन.
टोकन हातात पडलं
आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले.
रांग थांबली.
दारातली मुलगी गोंधळून म्हणाली,
काका, इथे तसं काही नाही.
खाली यायला हातांना वेळ लागला.

आत मोठी भिंत, आणि भिंतीभर खिसे.
निळे, खाकी, चौकटीचे, एक लग्नातल्या शर्टाचा.
सिंधूनं ते टाकलेच नव्हते;
शिलाई मशीनच्या खणात,
बॉबिन आणि खडूच्या खाली,
इस्त्री करून ठेवले होते.
शलाकानं प्रत्येकाचं तोंड शिवून टाकलेलं.
काही फुगीर, काही सपाट.
लोक जवळ जाऊन बोटानं दाबून बघत होते,
आत काय असेल.
एकानं अहिरेसारखंच चाचपलं.

शेवटचा खिसा, छातीच्या उंचीवर, उघडा होता.
खाली पाट, पाटावर सुई, दोरा ओवलेला.

मी इकडेतिकडे पाहिलं, वाकलो,
तेच वाक्य पुन्हा बोललो, खिशात.
मग शिवायला घेतलं.
टाके वाकडे आले, सिंधू हसली असती.
शलाका लांब उभी होती,
पाठ करून.

दोरा दातानं तोडला आणि वर पाहिलं:
छताच्या कोपऱ्यात हॉलवाल्यांचा
काळा घुमट होताच.

ओठ हलताना दिसले असतील त्याला.
दिसू देत.